गिरणगाव उभं केलं कुणी, आणि आता राहणार कुणी?



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात धम्मावरचे लेख असतात, मुलांच्या गुणवत्तेची यादी असते, देणगीदारांचे आभार असतात. यंदा कार्यकारिणीने आम्हाला गळ घातली की, तुम्ही गिरणीतले आहात, तुम्ही आपल्या वस्तीचा इतिहास लिहा. आम्ही काही प्राध्यापक नाही. दहावीनंतरचं आमचं शिक्षण गिरणीच्या गेटवर, वाचनालयाच्या बाकावर आणि मोर्चात झालं. पण लिहायला हवं, हे आम्हालाही पटलं. कारण आता चाळी पडताहेत. वरळीला चाळीस मजल्यांचे टॉवर उभे राहिलेत. चाळ पडली की तिच्याबरोबर तिच्यात राहिलेल्या चार पिढ्यांचा हिशेबही मातीत जातो. उद्या टॉवरमधलं पोर विचारील, "बाबा, आपण इथे कसे आलो?" तेव्हा उत्तर तयार पाहिजे.

आणखी एक कारण आहे. गिरणगावावर अलीकडे बरंच लिहिलं जातं. भजनी मंडळ, दहीहंडी, नाटकं, खानावळी, सगळं येतं. पण त्यात आपण कुठे असतो? असलोच तर एका ओळीत. म्हणून आपली बाजू आपणच मांडली पाहिजे.

वस्ती कशी वसली

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर या पारशी गृहस्थाने ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली. तिचं सूत १८५६ पासून निघू लागलं. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या हाती अमाप पैसा आला. गिरण्यांची रांग लागली. ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, डिलाईल रोड, नायगाव, शिवडी, प्रभादेवी, वरळी. जिकडे पाहावं तिकडे धुराडी. या सगळ्या पट्ट्याला लोकांनी नाव दिलं, गिरणगाव.

गिरण्या मालकांनी बांधल्या, पण त्यात माणसं कुठून आली? रत्नागिरीहून आगबोटीने आली. सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर, नाशिक इथून आली. एकाने यायचं, जॉबरच्या हातापाया पडून बदलीचं काम मिळवायचं आणि मग गावातल्या चौघांना बोलवायचं. एका गाळ्यात वीस-वीस, तीस-तीस माणसं. पाळीप्रमाणे झोपायचं. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच्या वळकटीवर आडवा. जेवण खानावळीत, आणि खानावळ चालवणारी बहुतेक वेळा कुणी गावाकडचीच बाई, काही वेळा विधवा. पगारातून मनिऑर्डर गावाला.

आपल्या लोकांची गोष्ट थोडी वेगळी. गावात जमीन नव्हती, बलुत्याचा तुकडा आणि येसकरकी होती. इंग्रजांच्या पलटणीत आपले बापजादे होते, पण १८९० नंतर महारांची लष्करभरती बंद झाली आणि तोही दरवाजा मिटला. मग मुंबईची वाट. गोदी, रेल्वे, म्युनिसिपालटीचं झाडूखातं आणि गिरणी. दुसरे लोक मुंबईला पैसा कमवायला आले. आपले लोक पैशासाठी आलेच, पण गावकीतून सुटायलाही आले. हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

गिरणीतसुद्धा जात होती

गिरणीत सगळे कामगार एक, असं व्यासपीठावरून सांगितलं जातं. ते अर्धं खरं आहे. गिरणीत कापूस एका दाराने आत येई आणि कापड होऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडे. मधे खाती होती. ब्लोखातं, कारडिंग, त्रासन म्हणजे सूतकताईचं खातं, मग कांड्या भरायचं खातं, मग साचेखातं म्हणजे विणकाम. सगळ्यात जास्त पगार साचेखात्यात. आणि त्या साचेखात्याचं दार आपल्याला बंद.

कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची, आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला तोंड लावून ओढून घ्यायचं. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागणार. तिथे अस्पृश्याचं तोंड लागलं तर सवर्ण कामगार बाटणार! म्हणून आपल्याला त्रासन खात्यात किंवा त्याहून हलक्या कामावर ठेवलं. यंत्र विलायतेचं आणि नियम मनूचा. पिण्याच्या पाण्याचीही सोय वेगळी.

गिरणी कामगारांची पहिली संघटना नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकाने १८८४ साली उभी केली, आणि त्यांच्या खटपटीने १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. आज जी आपण हक्काने घेतो ती सुट्टी एका फुले-शिष्याची देणगी आहे. पण साचेखात्याचा प्रश्न तसाच राहिला. तो १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी ऐरणीवर आणला. संप सहा महिने चालला. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितलं की, अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत प्रवेश ही मागणी तुमच्या यादीत आली नाही, तर आमचे लोक संपात राहणार नाहीत. तेव्हा कुरकुरत का होईना, ती मागणी यादीत घ्यावी लागली. मागणी यादीत आली म्हणून दार लगेच उघडलं नाही, त्यासाठी पुढे वर्षं गेली. पण कामगारांच्या चळवळीत जातीचा प्रश्न हा कामगारांचाच प्रश्न आहे, हे तिथे पहिल्यांदा कागदावर आलं.

बाबासाहेब कामगारांच्या विरोधात होते असं काही लोक अजून सांगतात. त्यांनी ७ नोव्हेंबर १९३८ आठवावा. मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणून संपाच्या हक्कावर घाला घातला, तेव्हा बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावट्यावाले एकत्र आले आणि एक दिवसाचा संप केला. परळच्या कामगार मैदानावर सभा झाली. तत्त्वाचे मतभेद होते, ते राहिले. पण लढ्याच्या दिवशी निळा आणि लाल एकाच मैदानात उभे होते.

परळची खोली आणि दामोदर हॉल

आपल्या मुलांना दिल्लीतलं, लंडनमधलं बाबासाहेबांचं घर माहीत असतं. पण ते १९१२ ते १९३४ या काळात मुख्यतः परळच्या बीआयटी चाळीत राहिले, हे माहीत नसतं. १८९६ साली प्लेगची साथ आली, माणसं पटापट मेली, तेव्हा सरकारला जाग आली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला आणि त्याने बांधलेल्या चाळी त्या बीआयटी चाळी. पहिल्या नंबरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. माता रमाईंचा संसार तिथला. कोलंबियाची, लंडनची पदवी घेऊन आलेला बॅरिस्टर गिरणी कामगारांच्या चाळीत, सामायिक नळावर पाणी भरणाऱ्या माणसांत राहत होता.

'मूकनायक' १९२० साली निघाला त्याचं कार्यालय परळच्या पोयबावडीला. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली ती परळच्या दामोदर हॉलमध्ये. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्याची तयारी, पत्रकं, वर्गणी, निरोप हे सगळं याच परिसरातून. तेव्हा महाडचं पाणी पेटलं त्याची काडी परळला ओढली गेली होती, असं आम्ही म्हणतो ते उगाच नाही. त्या दामोदर हॉलचं नाट्यगृहही २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झालं आणि नाट्यकर्मी रस्त्यावर उतरले. नाटकवाल्यांचं दुःख खरं आहे. पण तिथे आपलंही काही होतं, हे त्या वेळी किती जणांनी बोलून दाखवलं?

बीडीडी चाळी

आता आपल्या चाळींकडे येऊ. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत खोली मिळेना. गव्हर्नर लॉईड साहेबाने १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. त्याचं लघुरूप बीडीडी. शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला आणि त्यातून चाळींना पैसा उभा करायचं ठरवलं. बेत ५० हजार खोल्यांचा. प्रत्यक्षात वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२, अशा २०७ चाळी झाल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, चाळीत ऐंशी. खोली १६० चौरस फूट. मधून पॅसेज, टोकाला सामायिक संडास. सिमेंटच्या या चाळींत सुरुवातीला उजेड-वारा इतका कमी की कामगार यायला नाखूष. भाडंही न परवडणारं. त्यातून वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब. कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा सरकारने चक्क तुरुंग केला. ज्या भिंतीत तुरुंग होऊ शकतो तिच्यात आपण संसार केले, यातच सगळं आलं.

पण एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडली. खासगी चाळमालक खोली देताना आधी जात विचारी. सरकारी चाळीत निदान भाडेपावतीवर नाव चढवता येत होतं. ती भाडेपावती म्हणजे आपल्या लोकांच्या हातातला मुंबईचा पहिला कागद. गावात सातबाऱ्यावर नाव नव्हतं, इथे पावतीवर आलं. म्हणून जुनी माणसं ती पावती बाबासाहेबांच्या तसबिरीमागे जपून ठेवत.

१६० चौरस फुटांत आपण काय केलं नाही? पोटमाळा बांधला. पाहुणा, आजारी, बाळंतीण, गावाहून शिकायला आलेला पुतण्या, सगळे तिथे सामावले. पॅसेजच्या दिव्याखाली मुलं शिकली आणि साहेब झाली. चाळीच्या मैदानात भीमजयंती झाली, गायन पार्ट्यांचे सवाल-जवाब रंगले.

दीक्षा आणि विहार

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. मुंबईची दीक्षा व्हायची होती. त्याआधीच ६ डिसेंबर उजाडला. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना अग्नी दिला, तेव्हा गिरण्यांत माणूस उरला नव्हता. तिथेच, चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांनी हजारो लोकांना दीक्षा दिली. आमचे आजोबा त्या गर्दीत होते. घरी आले ते आजीला म्हणाले, "देव्हारा काढ." आजीने एक शब्द न बोलता देव्हारा काढला. असं घरोघरी झालं.

या धर्मांतराची किंमतही मोजावी लागली. बौद्ध झालात तर सवलती गेल्या, असं सांगण्यात आलं. महाराष्ट्रात सवलती टिकल्या, पण केंद्राच्या यादीत नवबौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क मिळायला १९९० साल उजाडलं. चौतीस वर्षं! तरीही कुणी परत फिरलं नाही.

आपलं विहार त्यातूनच उभं राहिलं. पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर आणि घरोघरी डबा फिरवून वर्गणी. आधी पत्र्याची शेड, मग विटांच्या भिंती. गवंडीकाम, रंगकाम, वायरिंग, सगळं पाळी संपवून आलेल्या आपल्याच माणसांनी केलं. सकाळी बालवाडी, संध्याकाळी अभ्यासिका, रविवारी वंदना. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन तिथेच. आपल्या विहाराला एकही मोठा दाता नव्हता. म्हणून ते कुणा एकाचं नाही.

१९७४

तरुण पिढीने हे साल विसरू नये. १९७२ साली दलित पँथर निघाली. गावोगाव अत्याचार होत होते आणि पुढारी खुर्च्या शोधत होते, तेव्हा ही पोरं रस्त्यावर आली. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती, पँथरने बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या आंबेडकर मैदानात सभा झाली, सभेवर दगड आले, मग लाठीमार झाला आणि दंगल पेटली. ती वरळीवरून नायगाव, डिलाईल रोडला पोचली. १० जानेवारीला मोर्चावर वरून दगड घालण्यात आला आणि भागवत जाधव शहीद झाले. तेव्हा आम्ही अगदी लहान होतो. एवढंच आठवतं की दारं-खिडक्या बंद, आत काळोख, आणि आई आम्हाला खिडकीजवळ जाऊ देत नव्हती.

ज्या शेजाऱ्याबरोबर एकाच खात्यात पाळी केली, त्याच्याशी रात्री दगडफेक. हे का झालं? पोटाचा प्रश्न एक होता, पण मनातली जात गेली नव्हती. पुढे कित्येक कुटुंबांनी खोल्यांची अदलाबदल केली. आपली चाळ, त्यांची चाळ अशा रेषा पक्क्या झाल्या. गिरणगाव म्हणजे एक मोठं कुटुंब होतं असं जे लिहितात, त्यांनी हेही लिहावं.

संप

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बोनस आणि पगारवाढ या मागण्या होत्याच, शिवाय कामगाराला आपली युनियन आपण निवडू द्या, ही मुळातली मागणी होती. मालक म्हणाले दम धरा, सरकार म्हणालं वाकणार नाही. महिने गेले, वर्ष गेलं. संप मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो तसाच विरला.

त्या काळात कुटुंबं कुणी जगवली? बायांनी. आमची आई पहाटे भायखळ्याहून भाजी आणून फुटपाथवर विके. कुणी मसाला कुटला, कुणी पापड लाटले, कुणी धुणीभांडी धरली. वडील काही महिने गावी गेले, पण आपल्याला गावी शेत कुठलं? ज्याचं शेत होतं तो तरला. ज्याचं नव्हतं त्याने भांडी विकली, मग दागिने, मग काहींनी खोली विकली. बदलापूर, कल्याण, दिवा, नालासोपारा अशी माणसं पांगली. वस्ती रिकामी व्हायची सुरुवात टॉवरने झाली नाही, ती या उपासमारीने झाली.

काही गिरण्या पुन्हा चालू झाल्या, कमी माणसांत. आम्ही त्याच दशकाच्या शेवटी वडिलांच्या जागी बदली म्हणून लागलो. आम्ही होतो ती गिरणी मार्च २०२० मध्ये टाळेबंदीसाठी थांबली, ती परत चालूच झाली नाही. भोंगा वाजायचा बंद झाला, तेव्हा कुणी समारंभही केला नाही.

जमिनीला सोनं लागलं

आता मुद्द्याची गोष्ट. गिरण्या तोट्यात होत्या हे ऐकत आपण मोठे झालो. पण गिरणी तोट्यात असली तरी गिरणीची जमीन कधीच तोट्यात नव्हती. ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन, मुंबईच्या अगदी मध्यावर. यातली बरीचशी गिरणी चालवण्यासाठी म्हणून स्वस्तात, भाडेपट्ट्याने दिलेली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम आला. गिरणीची जमीन विकायची तर तिचे साधारण तीन वाटे करायचे. एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. वाचायला किती चांगलं! पण २००१ साली नियम बदलला. वाटे साऱ्या जमिनीचे नाहीत, तर बांधकाम सोडून मोकळी राहिलेल्या जमिनीचेच करायचे, असं ठरलं. आता गिरणीत मोकळी जागा असते किती? सगळीकडे शेड. म्हणजे शहराला आणि गरिबांना मिळायचा वाटा आकसला आणि मालकाचा फुगला. पर्यावरणवादी मंडळी कोर्टात गेली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. चार शब्दांच्या फरकाने शेकडो एकर जमीन हातची गेली. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, वकील व्हा, नियम वाचायला शिका. मोर्चाने जे मिळतं ते कागदावर काढून घेतलं जातं.

मग काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. २००५ साली दादरची कोहिनूर नंबर तीन ४२१ कोटींना गेली. फिनिक्स मिलमध्ये मॉल आला. श्रीनिवास मिलच्या जागेवर देशातल्या सर्वांत उंच इमारतींपैकी एक उभी राहिली. लोअर परळला बिल्डर मंडळी 'अप्पर वरळी' म्हणू लागली, कारण परळ म्हटलं की कामगाराचा वास येतो. धुराडं काही ठिकाणी शोभेला ठेवलंय. त्याखाली बसून लोक कॉफी पितात, एका कपाच्या पैशात आपल्या घरची दोन दिवसांची भाजी येईल. आजोबा ज्या जागेवर त्रासन खात्यात राबले, त्याच जागेवर नातू सिक्युरिटीच्या ड्रेसमध्ये दार उघडून सलाम ठोकतो. गिरणीत आजोबा निदान युनियनचा सभासद होता. नातू ठेकेदाराचा माणूस आहे.

जागा बदलली, पण रस्ते, गटारं, पूल तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एलफिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. गिरण्यांच्या काळातल्या त्या पुलावर ऑफिसांची सगळी गर्दी लोटली होती. तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ जण गेले. मेलेले गिरणी कामगार नव्हते, पण माणसंच होती. जमिनीचा भाव पाहणाऱ्याला माणसाचा जीव दिसत नाही, मग तो जीव चाळीतला असो की ऑफिसातला.

गिरणी कामगाराला काय मिळालं? संघटनांनी वर्षानुवर्षं रेटा लावला म्हणून म्हाडाच्या वाट्यात कामगारांसाठी घरं ठेवावी लागली. २८ जून २०१२ ला ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. घर २२५ चौरस फुटांचं. पुढे २०१६ आणि २०२० मध्ये आणखी सोडती झाल्या. अर्ज दीड लाखाहून जास्त आणि घरं पंधरा-सोळा हजारांच्या आसपास. बाकीच्यांना शेलू-वांगणीला घरं घ्या असं सांगण्यात येऊ लागलं, तेव्हा ९ जुलै २०२५ ला म्हातारे कामगार आणि त्यांच्या विधवा आझाद मैदानावर येऊन बसल्या. मुंबई उभारणाऱ्याला मुंबईत घर नाही, ते मुंबईबाहेर!

आणि त्या सोडतीत नाव कुणाचं लागू शकलं? ज्याच्याकडे तिकीट नंबर होता, ईएसआयचं कार्ड होतं, प्रॉव्हिडंट फंडाची पावती होती. ज्या घरात बाप गेल्यावर त्याची पत्र्याची पेटी भंगारात टाकली, त्या घराचा हक्कही पेटीबरोबर भंगारात गेला.

एका गिरणीची वेगळी गोष्ट

या साऱ्या काळोखात एक दिवा आहे. दादरला समुद्रकाठी, चैत्यभूमीच्या हाकेच्या अंतरावर इंदू मिल होती, म्हणजे इंडिया युनायटेड नंबर सहा. साडेबारा एकर. ही जागासुद्धा कोट्यवधीला गेली असती. पण ६ डिसेंबर २०११ ला आपले लोक आनंदराज आंबेडकरांच्या बरोबर आत घुसले आणि ठाण मांडून बसले. वर्षभरात सरकारला जागा स्मारकासाठी देण्याची घोषणा करावी लागली. ११ ऑक्टोबर २०१५ ला भूमिपूजन झालं.

ही जमीन कुणी दया म्हणून दिली नाही. ती मागितली, धरून ठेवली आणि मिळवली. ज्या साचेखात्यात आपल्याला धोट्याला तोंड लावू दिलं नाही, तसल्याच एका गिरणीच्या जागेवर बाबासाहेबांचा पुतळा. इतिहास असाही फिरतो.

आता टॉवर

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचं वरळीचं भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झालं, ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा एकदा शुभारंभ झाला. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फूट, स्वतःचा संडास-बाथरूम, लिफ्ट, मालकी हक्क. आम्ही स्पष्ट सांगतो, हे चांगलं आहे. सामायिक संडासाच्या रांगेत ज्याच्या आईचं आयुष्य गेलं, त्याने चाळीचे गोडवे गाऊ नयेत. चाळ सोडताना डोळ्यांत पाणी येतं ते माणसांसाठी, भिंतींसाठी नव्हे.

पण सावध राहिलं पाहिजे. आपल्या टॉवरशेजारी विक्रीचेही टॉवर होणार, तिथे कोटी कोटीचे फ्लॅट. देखभालीचा खर्च, लिफ्टचं बिल, पाण्याचा पंप, हे चाळीच्या भाड्यासारखं नाही. पोराची नोकरी ठेक्याची असली की दोन-चार महिने बिल थकतं. मग दलाल दारात येतो. "काका, एवढे पैसे घ्या, विरारला दोन घरं होतील, बाकी बँकेत टाका." संपानंतर उपासमारीने जे झालं, ते आता पैशाच्या मोहाने होऊ शकतं. आज पाचशे घरं आपली आहेत, वीस वर्षांनी किती असतील? टॉवर तोच राहील, आतली माणसं बदलतील. मग भीमजयंतीच्या मिरवणुकीचा आवाज नवीन लोकांना त्रासदायक वाटू लागेल, आणि विहाराची जागा पार्किंगला हवीशी वाटेल.

म्हणून या स्मरणिकेतून हात जोडून चार गोष्टी सांगतो.

एक, कागद जपा. भाडेपावती, रेशनकार्ड, गिरणीचा पास, ईएसआय कार्ड, जातीचा दाखला. सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवा. आपल्या लोकांची इस्टेट म्हणजे आपला कागद.

दोन, घर विकू नका. अडचण आली तर आधी विहारात येऊन सांगा. देखभालीसाठी आपण गट करून भिशीसारखी वर्गणी काढू. ज्यांनी पगाराच्या दिवशी चार-चार आणे जमवून विहार बांधलं, त्यांच्या नातवांना हे अवघड नाही.

तीन, नव्या आराखड्यात विहार, अभ्यासिका आणि मैदान यांची जागा कुठे आहे, किती आहे, कुणाच्या नावावर आहे, हे लेखी मागा. तोंडी आश्वासन घेऊन घरी येऊ नका.

चार, सत्तरी ओलांडलेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांच्यासमोर पोरांनी मोबाईल धरावा आणि विचारावं, आजी, तू मुंबईला कशी आलीस? संपात घर कसं चालवलंस? १९७४ ला काय झालं? पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत आम्हाला आमचा लेख नको, त्या आजींचे शब्द हवेत.

तथागतांनी सांगितलं, सगळं बदलतं. चाळ गेली, गिरणी गेली, आपणही जाऊ. बदलाला आपला विरोध नाही. पण बदलाच्या नावाखाली नेहमी गरिबानेच का उठून जायचं, हा सवाल विचारायचं आपण सोडायचं नाही. गिरणगाव उभं केलं कुणी, हे आम्ही आमच्या परीने सांगितलं. इथे राहणार कुणी, ते तुमच्या हातात आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!